सदतिसावं पाकीट

गुरुवारी आमच्या ओपीडीत बाकं रिकामी असायची आणि पेशंट उभे असायचे. नव्याने बदलून आलेला एखादा शिकाऊ डॉक्टर पहिल्या दिवशी हमखास म्हणायचा, "अहो, बसा ना, एवढी जागा आहे." पेशंट नुसते एकमेकांकडे बघायचे आणि पुन्हा भिंतीवरच्या लसीकरणाच्या पोस्टरकडे. मग मी टेबलावरून सांगायचे, "डॉक्टर, त्यांना बसता आलं असतं तर ते इथे आले असते का?"

मी पालिकेच्या रुग्णालयात सर्जरी ओपीडीची इन्चार्ज सिस्टर होते. घाटकोपर ते मुलुंड या पट्ट्यातलं एक रुग्णालय समजा. नाव सांगत नाही, कारण ज्यांच्याबद्दल लिहिणार आहे त्यांतले बरेच जण अजून आसपास राहतात आणि आपण दर गुरुवारी कुठे जात होतो हे त्यांनी घरीसुद्धा सांगितलेलं नाही. निवृत्त होऊन मला आता चार वर्षं झाली. या दिवाळी अंकाच्या संपादकांनी "नोकरीतला एखादा हृद्य अनुभव लिहा" म्हटलं, तेव्हा त्यांच्या डोळ्यांसमोर जळीत वॉर्ड नाहीतर शेवटच्या घटकेला धरलेला हात वगैरे असणार. मी म्हटलं, मी फिशरच्या मलमांवर लिहीन. मग ते म्हणाले, "जरा सांभाळून लिहा." सांभाळूनच लिहिते आहे. पण फराळाच्या ताटावर आडवा हात मारून चार दिवसांनी ज्यांना हा लेख आठवेल, ते मला मनातल्या मनात दुवाच देतील.

आधी एक गोष्ट सांगून टाकते. आपल्याकडे त्या जागी काहीही झालं तरी त्याला मूळव्याध म्हणून मोकळं व्हायची पद्धत आहे. फिशर म्हणजे मूळव्याध नव्हे. फिशर म्हणजे शौचाच्या जागेच्या कडेला पडलेली चीर. एवढीशी, नखाएवढी. थंडीत ओठ फुटतो तशी. ओठ चार दिवसांत भरून येतो, ही येत नाही, कारण दुखण्याने तिथला स्नायू आवळून बसतो. स्नायू आवळला की जखमेला रक्त पोचत नाही, रक्त नाही म्हणून ती भरत नाही, भरत नाही म्हणून दुखते आणि दुखलं की स्नायू आणखी आवळतो. दीड-दोन महिन्यांच्या वर हे चाललं की त्याला जुनाट फिशर म्हणतात. पेशंट सांगायचे, काचेचा तुकडा बाहेर येतोय असं वाटतं आणि पुढे दोन-तीन तास आग आग होते. तीन बाळंतपणं झालेल्या बायका मला सांगायच्या, सिस्टर, त्यापेक्षा तीच बरी होती.

आणि एवढं सगळं सोसून सांगायची मात्र चोरी. "खालचा त्रास", "बसायचा प्रॉब्लेम", नाहीतर नुसतं "उष्णता". भांडुपच्या एका निवृत्त मास्तरांनी "माझ्या एका मित्राला आहे" अशी सुरुवात करून सगळी लक्षणं ओळीने सांगितली, शुद्ध बोलीत, कानामात्रा न चुकता. मी म्हटलं, मित्राला घेऊन या. पुढच्या गुरुवारी ते एकटेच आले आणि म्हणाले, "मित्र आलाय." लाज इतकी, की कांदिवली-बोरिवलीची माणसं ओळखीचं कुणी भेटू नये म्हणून आमच्याकडे यायची आणि आमच्या मुलुंडची माणसं त्याच कारणासाठी बोरिवलीला जायची. 

आमचे डॉक्टर सबनीस उंच, शिडशिडीत आणि स्वभावाने किरकिरे. टाके घालताना नर्सने हुंकार दिला तरी त्यांना चालायचा नाही. पण एक गोष्ट त्यांच्यात होती. आपल्याला जे माहीत नाही ते माहीत नाही असं ते पेशंटसमोर सांगायचे. त्या वेळी जुनाट फिशरवर खात्रीचा उपाय म्हणजे छोटंसं ऑपरेशन. आवळलेल्या स्नायूला जरासा छेद द्यायचा की तो सैल पडतो. उत्तम उपाय, पण एखाद्याला पुढे वारा आवरत नाही, आणि तो एखादा आपण असलो तर चारचौघांत उठबस बंद. म्हणून हा छेद न देता स्नायू सैल करणारी मलमं वापरात आली. त्यातलं एक नायट्रोग्लिसरीनचं. छातीत कळ आली की जिभेखाली गोळी ठेवतात, त्या कुळातलं. दुसरं डिल्टियाझेमचं, तेही मुळात हृदयाचं आणि रक्तदाबाचं औषध. दोन्हींचं काम एकच, स्नायू सैल करायचा आणि रक्त पोचवायचं. कुठलं चांगलं, यावर प्रत्येक सीनियर डॉक्टरचा आपापला हेका होता. सबनीस म्हणायचे, "सिस्टर, आवडनिवड भाजीत असावी. मलमात मोजून बघावं."

म्हणून आम्ही मोजायला घेतलं. रुग्णालयाच्या समितीची परवानगी आली, मराठीतलं संमतिपत्र आलं. ते प्रत्येकाला वाचून दाखवायचं काम माझं. दोन्ही मलमं एकसारख्या पांढऱ्या डब्यांत भरलेली, झाकणावर फक्त एक अक्षर, क किंवा ख. कुठल्या अक्षरात कुठलं मलम, ते औषधभांडारातल्या फार्मासिस्ट बाईंच्या कपाटात कुलपाआड. डॉक्टरांना माहीत नाही, पेशंटला माहीत नाही, मलाही नाही. माझ्या ड्रॉवरमध्ये खाकी पाकिटांची चळत असायची, प्रत्येकावर आकडा. पेशंट तपासून झाला, सही झाली की पुढच्या आकड्याचं पाकीट फोडायचं आणि आतल्या चिठ्ठीवर जे अक्षर असेल ती डबी त्याला द्यायची. कोणाला काय मिळणार ते नशिबावर, आमच्या मर्जीवर नाही. 

डबी देताना माझं पाठ झालेलं भाषण असायचं. हात धुवा. तुरीच्या दाण्याएवढं मलम बोटाच्या टोकावर घ्या, कडेला लावा, आत खोल नको. सकाळ-संध्याकाळ, आठ आठवडे. दोन दिवसांत बरं वाटलं म्हणून थांबायचं नाही. कोमट पाण्याच्या टबात बसा, इसबगोल घ्या, पालेभाजी खा, पाणी प्या. आणि मलम लावल्यावर दहा मिनिटं पटकन उठू नका, बसून राहा. हे शेवटचं वाक्य ऐकलं की पेशंट माझ्याकडे असे बघायचे, की मला माझंच हसू यायचं.

क म्हणजे काय आणि ख म्हणजे काय, हे मला तिसऱ्या गुरुवारीच कळलं. भर मे महिन्यात एक गृहस्थ डोक्याला मफलर गुंडाळून आले. त्यांच्या मागे एक बाई, कपाळावर ओढणी करकचून बांधलेली. त्यांच्या मागे आणखी एक, रुमालवाला. सबनीसांनी चष्म्यावरून बघितलं आणि विचारलं, "मलम लावलंत तरी कुठे?" नायट्रोग्लिसरीन रक्तवाहिन्या सैल करतं, पण फक्त त्याच जागच्या करत नाही. अर्ध्या तासात डोकं ठणकायला लागतं. मी रजिस्टर उघडून बघितलं. डोकं बांधून आलेले सगळे क. डॉक्टरांनी रजिस्टरमधली अक्षरं बघायची नाहीत असा त्यांचाच नियम होता, तो ते पाळत. मीही अंदाज बांधायला नको होता. पण जे डॉक्टरांना कळू नये ते सिस्टरला आधी कळतं, हा सगळ्याच रुग्णालयांचा अलिखित नियम आहे आणि खरं सांगते, मला त्याची गंमत वाटायची. आपल्याला ठाऊक आहे आणि एवढ्या शिकलेल्या माणसाला नाही, याची गंमत.

या डब्या परत आल्या की आम्ही त्या नाजूक काट्यावर तोलायचो, मलम किती वापरलं ते कळावं म्हणून. बहुतेकांच्या डब्या अर्ध्या भरलेल्या परत यायच्या, "जपून वापरलं, सिस्टर" म्हणत. आपल्या माणसाला फुकटचं औषधसुद्धा पुरवून वापरायची सवय. एकाच माणसाची डबी नऊ दिवसांत चाटूनपुसून रिकामी आली. हा दिनेश, भांडुप स्टेशनबाहेर रिक्षा चालवायचा.

"महिन्याची डबी नऊ दिवसांत? खाल्लंस की काय रे?" मी विचारलं.

"एकट्याने नाही लावलं, सिस्टर. स्टँडवर माझ्यासकट सहा जणांना सेम लफडं आहे ना. दिवसभर सीटवर, खालून इंजिनाची गरमी. मी एकटा झकास बसणार आणि ते वाकडे बसून धंदा करणार, बरं दिसतं का?"

"सगळ्यांनी एकाच डबीतून?"

"हात धुऊन, सिस्टर! तुम्ही सांगितलं तसं. पण वाट लागली. सहाच्या सहा जणांनी डोकं धरलंय. पॅसेंजर विचारतात, स्टँडवर कोण गेलं काय."

सबनीसांना मी तेवढं एकदाच चष्मा काढून डोळे पुसेपर्यंत हसताना पाहिलं. दिनेशला अभ्यासातून काढावं लागलं, पण पुढच्या गुरुवारी डॉक्टरांनी बाकीच्या पाचांनाही बोलावून घेतलं. रुग्णालयाच्या फाटकात एकामागोमाग एक सहा रिक्षा लागल्या, सहाही चालक उतरून ओळीत उभे राहिले आणि वॉचमनला वाटलं मोर्चा आला. आजही भांडुपला उतरले की त्यांतला एखादा मीटर न टाकता घरी सोडायला निघतो. मी मीटर टाकायला लावते, पण बरं वाटतं.

आता तशा गोष्टी होत नाहीत. ही मलमं चकचकीत ट्यूबमध्ये मिळतात, दोन-दोन औषधं एकत्र करून. माणसं मोबाईलवर लक्षणं वाचतात आणि मोबाईलवरच मागवतात, खोक्यावर नाव नसतं, कुणाला कळत नाही. सोय झाली यात शंका नाही. पण त्या कॉरिडॉरमध्ये उभ्या उभ्या लोक एकमेकांशी बोलायचे. पापड बंद करा, ताक घ्या, टब स्टीलचा नको प्लॅस्टिकचा घ्या. घरच्यांना जे सांगितलं नाही ते अनोळखी माणसाला सांगायचे आणि जाताना जरा हलके होऊन जायचे. मला त्या गुरुवारांची फार आठवण येते. आणि आठवण आली की एका गुरुवारपाशी येऊन थांबावंच लागतं.

त्या दिवशी अश्विनी नावाची मुलगी आली होती. पंचवीस-सव्वीसची, कांदिवलीची. अंधेरीच्या एमआयडीसीत दागिन्यांना खडे बसवायचं काम करायची. डोळ्याला भिंग, समोर दिवा, हातात चिमटा आणि आठ तास स्टुलावर. सहा महिन्यांच्या बोलीवर लागली होती, पुढच्या महिन्यात पक्की करणार होते. आई घरी आजारी, कमावणारी ही एकटी. पाच महिने ती स्टुलाच्या कडेवर एका मांडीवर बसून खडे लावत होती.

संमतिपत्र वाचताना एक प्रश्न असायचा. अर्धशिशी आहे का, नेहमी डोकं दुखतं का? असेल तर अभ्यासात घ्यायचं नाही. "नाही," ती म्हणाली. फार पटकन म्हणाली. तिच्या दोन्ही कानशिलांवर बाम चमकत होता आणि माझ्या टेबलापर्यंत वास येत होता. सही करून ती उठली तेव्हा मी हळूच विचारलं, "खरं सांग गं."

तिचे डोळे भरले. "लहानपणापासून आहे, सिस्टर. पण बाहेर लाईनीत सगळे म्हणत होते, डोकं दुखतं सांगितलं की मलम देत नाहीत, ऑपरेशनला पाठवतात. ऑपरेशन म्हणजे सुट्टी, आणि आता सुट्टी घेतली तर गेलीच ना नोकरी. प्लीज, डॉक्टरांना नका ना सांगू."

मी सदतीस नंबरचं पाकीट फोडलं. आत क.

मला ठाऊक होतं क म्हणजे काय. अर्धशिशीवाली मुलगी, भिंगाखालचं काम आणि दिवसातून दोनदा डोकं ठणकवणारं मलम. चार दिवसांत तिला घरी बसवलं असतं. मी ती चिठ्ठी बाजूला ठेवली आणि अडतीस नंबरचं पाकीट फोडलं. ख. ती डबी तिला दिली, रजिस्टरमध्ये तिच्या नावापुढे सदतीस लिहिलं आणि क ची चिठ्ठी अडतीसच्या पाकिटात सरकवली. एक मिनिटही लागलं नसेल. त्या दिवशी घरी जाताना मी अगदी खुशीत होते हेही कबूल करते.

पुढचा नंबर परब काकांचा होता.

भांडुपच्या टेकडीवर राहणारे. गिरणीत होते, गिरणी गेल्यावर मुलुंडच्या एका टॉवरवर वॉचमन झाले, तिथूनही सुटले होते. माझं आडनाव वाचून त्यांनी पहिला प्रश्न विचारला, "सिस्टर, खंयची तू?" देवगडकडची म्हटल्यावर डॉक्टरांच्या खोलीत आम्ही दोघं मालवणीत सुरू. ते आपल्या भजनी मंडळात पखवाज वाजवायचे, वडिलांपासून चालत आलेला. गणपतीत टेकडीवरच्या घराघरांत भजनं, एकेका घरी मांडी घालून तास-दीड तास. गेल्या वर्षी त्यांनी बसता येईना म्हणून अर्ध्यावर पखवाज दुसऱ्याकडे दिला होता.

"पखवाज उभ्यान कसो वाजवचो, बाय?" ते म्हणाले. "गणपतीच्या आधी माका बसता कर. मगे काय्येक मागूचंय नाय."

मी त्यांना क ची डबी दिली. माझं पाठ भाषणही म्हटलं, दहा मिनिटं बसून राहा हे धरून. "बसाक येयत तर तुझ्याकडे कशाक येतलंय?" म्हणत ते हसले, मीही हसले.

तिसऱ्या आठवड्यात ते उजवा हात प्लॅस्टरमध्ये घालून आले. सकाळी मलम लावलं, बसणं होईना म्हणून नेहमीप्रमाणे उभेच राहिले आणि दूध आणायला टेकडीच्या पायऱ्या उतरायला लागले. चौथ्या-पाचव्या पायरीवर डोळ्यांपुढे अंधारी आली. त्या मलमाने कधीकधी रक्तदाब उतरतो, म्हणून तर बसायचं सांगतो. मनगट दोन ठिकाणी मोडलं होतं. "मलमाचो काय दोष नाय, पायरी वली होती," तेच आम्हाला समजावत होते. सबनीसांनी मलम ताबडतोब बंद केलं, समितीला कळवलं. त्यांच्या दृष्टीने तो चिठ्ठीतल्या नशिबाचा भाग होता. कुणाला तरी ते मलम येणारच होतं.

त्याच दिवशी अश्विनीही तपासणीला आली होती. मी काकांना घेऊन बाहेर आले, तर ती बाकावर बसलेली. सगळ्या कॉरिडॉरमध्ये ती एकटी बसलेली. "सिस्टर, काल आठ तास बसले!" ती मला बघून म्हणाली, आणि काकांचा हात बघून चटकन सरकली, "बसा ना काका." काका म्हणाले, "नको गं, तू बस." आणि तिच्या शेजारी भिंतीला टेकून उभे राहिले. मी तिथून औषधभांडारात गेले आणि उगाचच कापसाचे गठ्ठे मोजत बसले.

मी कुणालाच सांगितलं नाही. आज सांगू, उद्या सांगू करत महिने गेले. अश्विनीची चीर आठव्या आठवड्यात भरली, नोकरी पक्की झाली, तिने पेढे आणले. काकांचं प्लॅस्टर निघालं आणि मनगट वाकडं बसलं. पुढे डॉक्टरांनी त्यांना दुसरं मलम दिलं आणि तेही बरे झाले, गणपतीच्या आधी नीट मांडी घालून बसायला लागले. फक्त पखवाजावर हात चालेना. 

अभ्यास संपला आणि फार्मासिस्ट बाई कुलपातली यादी घेऊन येणार, त्या सकाळी मी सबनीसांच्या खोलीत जाऊन सगळं सांगितलं. सांगून झाल्यावर ते पेनचं टोपण लावत-काढत राहिले.

"तिला अर्धशिशी आहे हे कळल्यावर तिला अभ्यासात घ्यायचंच नव्हतं," ते शेवटी म्हणाले. "मला सांगितलं असतंत तर मी साध्या कागदावर दुसरं मलम लिहून दिलं असतं. तिला ऑपरेशनला कोण पाठवत होतं?"

इतकं सोपं होतं ते. रांगेतल्या अफवेवर त्या मुलीने विश्वास ठेवला होता, तिला मी दोष देत नाही. पण मी वीस वर्षं ओपीडी चालवत होते. मी डॉक्टरांकडे गेले नाही, कारण अभ्यासातून एक पेशंट कमी झाला असता आणि रजिस्टर भरत आणल्याचा मला अभिमान होता. आणि त्याहून मोठं कारण म्हणजे मला वाटत होतं, मला जास्त कळतं.

"चिठ्ठी कशासाठी ठेवली होती, सिस्टर? आपली दया कुणाच्या वाट्याला जाणार हे आपण ठरवू नये म्हणून. जो समोर रडतो त्याला आपण वाचवतो. मागचा दिसतच नाही." मग त्यांनी समितीला कळवलं, दोघांनाही आकडेमोडीतून वगळलं आणि शोधनिबंधात ती गोष्ट चूक म्हणून स्पष्ट लिहिली. मला मेमो मिळाला, मिळायलाच हवा होता. यादी उघडली तेव्हा क म्हणजे नायट्रोग्लिसरीनच निघालं. दोन्ही मलमांनी जखमा साधारण सारख्याच भरल्या होत्या, डोकेदुखी क ची फार जास्त. माझा अंदाज अगदी बरोबर होता, त्याचा आनंद कसा व्हावा?

"परबांना सांगायला हवं," सबनीस म्हणाले. "मी येऊ का तुमच्याबरोबर?"

मी एकटीच जाते म्हटलं.

टेकडीवर त्यांचं घर शोधायला वेळ लागला नाही, पखवाजवाले परब म्हटलं की कुणीही दाखवायचं. गणपती होऊन पंधरा दिवस झाले होते. पखवाज खुंटीला, त्याला जुन्या सुती साडीची खोळ. काकूंनी चहा टाकला, काका मांडी घालून छान ऐसपैस बसले आणि "बघ, तुझ्या आशीर्वादान बसतंय," म्हणाले. मला खाली बघून बोलावं लागलं. पाकीट, चिठ्ठी, अर्धशिशी, क आणि ख, सगळं मालवणीत सांगितलं. आमच्या बोलीत चूक लपवायला जागाच नसते, शब्द फार उघडे असतात.

काकू आधी भडकल्या. "ह्येंचो हात गेलो आणि तू आता येऊन सांगतंस? येवढे म्हयने काय करी होतंस?" चहाचा कप माझ्यासमोर आदळून त्या आत निघून गेल्या. त्यांचं काही चुकलं नव्हतं.

काका उजवं मनगट डाव्या हाताने चोळत होते. मग त्यांनी त्या मुलीबद्दल विचारलं, "त्या चेडवाचां काम पक्क्यां झालां?"

"झालां."

"डोक्यां दुखलां नाय?"

"नाय, काका."

त्यांनी मान हलवली. मला वाटलं, आता ते सोडून देतील, झालं ते झालं म्हणतील, आणि मी रडून मोकळी होईन. मी मनातून त्याचीच वाट बघत होते. पण ते माझ्याकडे बघत राहिले, आणि त्यांच्या नजरेत राग नव्हता, दुखावलेपण होतं.

"मी थंयच होतंय, बाय," ते म्हणाले. "दाराच्या भायर, पुढच्या लंबराक उभो. एका पोरीच्या पोटाचो प्रश्न आसा, डोक्यां दुखाचां मलम तुमी घेशात काय, इतक्यांच माका इचारलां असतंस, तर मी व्हय म्हटलां असतां. तू इचारलंसच नाय."